लिनक्स मिंटवर वायफाय प्रिंटर, सहा महिने वापरून झाल्यावर लिहितेय

माझे आठवी ते दहावीचे गणित-विज्ञानाचे क्लास आहेत मिरजेत, घराच्याच वरच्या मजल्यावर. तिथे तीन कॉम्प्युटर आणि खाली एक लॅपटॉप. तिन्ही कॉम्प्युटर चौथ्या पिढीच्या आय-थ्रीचे, चालतायत अगदी छान, पण १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप लागते म्हणून तिन्ही एका दिवसात म्हातारे ठरले. पुण्याचा माझा भाचा दिवाळीला आला होता, त्याने दोन दिवस बसून चारही मशीनवर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट २२ ही फुकट मिळणारी सिस्टीम टाकून दिली. मशीन आधीपेक्षा हलकी झाली, पोरांना भूमितीचं जिओजेब्रा चालतं, मला टायपिंगला लिब्रे ऑफिस चालतं, त्याबद्दल काही प्रश्नच नाही. प्रश्न होता प्रिंटरचा, आणि हा रिव्ह्यू त्याच्यासाठी आहे, कारण लिनक्सवर प्रिंटर चालत नाही हे मला इतक्या जणांनी इतक्या खात्रीने सांगितलं की मी जवळजवळ परत जाणार होते.

चालतो. आणि माझ्या अनुभवात विंडोजपेक्षा कमी कटकटीने चालतो. फक्त प्रिंटर कुठला घ्यायचा आणि घरातलं वायफाय कसं जोडलंय या दोन गोष्टी आधी बघायला लागतात, त्या कुणी सांगत नाही म्हणून सगळं नीट सांगते.

आधीचा प्रिंटर जुना युएसबी लेसर होता, गल्लोगल्ली झेरॉक्सच्या दुकानात दिसतो तसला. त्याने बारा वर्षं सेवा दिली पण मिंटवर तो काही केल्या बोलेना. भाच्याने कारण सांगितलं ते मला पटलं. असल्या स्वस्त लेसरला स्वतःची अक्कल नसते, पान कसं दिसणार हे सगळं कॉम्प्युटरने ठरवायचं आणि कंपनीच्या स्वतःच्या गुप्त भाषेत त्याला पाठवायचं, ती भाषा फक्त कंपनीच्या ड्रायव्हरला येते आणि तो ड्रायव्हर कधीकाळी ३२ बिटच्या लिनक्ससाठी केला आणि तसाच सोडून दिला. म्हणजे प्रिंटर धडधाकट, कॉम्प्युटर धडधाकट, मध्ये दुभाषी नाही. तो प्रिंटर मी जावेला दिला, तिच्याकडे विंडोज आहे, तिथे तो मजेत आहे.

नवीन घ्यायला दुकानात गेले तर दुकानदार म्हणाले, मॅडम लिनक्सचं आम्ही काही सांगू शकत नाही, खोक्यावर विंडोज आणि मॅक लिहिलंय, तुमच्या जबाबदारीवर न्या. मी भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, "मावशी, खोक्यावर लिनक्स शोधूच नकोस, एअरप्रिंट लिहिलंय का बघ, नाहीतर मोप्रिया." दोन्ही होतं. तो म्हणाला घेऊन टाक.

हे एअरप्रिंटचं प्रकरण समजलं की अर्धं काम झालं म्हणून थोडं सविस्तर लिहिते. ॲपलने २०१० साली आयफोनवरून प्रिंट काढायची सोय आणली. आता आयफोनमध्ये कुणी ड्रायव्हरची सीडी घालणार नाही, म्हणजे प्रत्येक कंपनीच्या प्रत्येक मॉडेलचा वेगळा दुभाषी ठेवणं शक्य नाही, म्हणून उलट केलं, प्रिंटरनेच एक सगळ्यांना येणारी भाषा शिकायची. ती भाषा म्हणजे आयपीपी, इंटरनेट प्रिंटिंग प्रोटोकॉल, जो त्याच्याही आधीपासून होता. प्रिंटर स्वतःच नेटवर्कवर ओरडून सांगतो की मी इथे आहे, मला ए-फोर येतं, रंगीत येतं, दोन्ही बाजूंनी येतं किंवा येत नाही, आणि कॉम्प्युटर त्याला सगळ्यांना कळेल अशा ठरलेल्या फॉरमॅटमध्ये पान पाठवतो. अँड्रॉइडवाल्यांचं मोप्रिया तेच, आणि प्रिंटर कंपन्यांच्या प्रिंटर वर्किंग ग्रुपने त्याचंच आयपीपी एव्हरीव्हेअर नावाचं खुलं स्टँडर्ड केलं. लिनक्स याच वाटेने जातं. त्यामुळे मोबाईलवरून थेट प्रिंट निघणारा प्रिंटर हा बहुतेक वेळा लिनक्सवर ड्रायव्हरशिवाय चालतोच. आयफोनच्या गिऱ्हाइकांसाठी कंपन्यांनी केलेली सोय आपल्या पथ्यावर पडली.

मी इंक टँकवाला ऑल-इन-वन घेतला, प्रिंट स्कॅन कॉपी, वायफाय. मॉडेल मुद्दाम लिहीत नाही कारण वरची अट पाळणारा कुठलाही चालेल. आणि पुढे ज्या दोन-तीन तक्रारी आहेत त्या बऱ्याच कंपन्यांच्या प्रिंटरला सारख्याच लागू आहेत.

पहिली तक्रार लगेच. प्रिंटर वायफायला जोडायला कंपनीचं मोबाईल ॲप टाका, त्यात अकाउंट काढा, मोबाईल नंबर द्या, असं पुस्तिकेत लिहिलेलं. मी काही दिलं नाही. राउटरवर पासवर्ड न टाकता जोडायचं डब्ल्यूपीएसचं बटण असतं ते दाबलं, मग प्रिंटरवरचं वायफायचं बटण दाबून धरलं, दोन मिनिटांत निळा दिवा स्थिर. ज्यांच्या प्रिंटरला छोटा स्क्रीन असेल त्यांना तिथेच पासवर्ड टाकता येतो. एक लक्षात ठेवा, स्वस्तातले बरेच प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय पकडतात, राउटरचं ५ गिगाहर्ट्झचं वेगळं नाव असेल तर ते प्रिंटरला दिसणारच नाही आणि तुम्ही उगाच पासवर्ड चुकला म्हणून परत परत टाकत बसाल.

मोबाईलवरून प्रिंट काढून बघितली, आली. लॅपटॉपवर मिंटमध्ये प्रिंटर्स उघडलं तर प्रिंटर आपोआप यादीत येऊन बसलेला, मी काही केलेलंच नाही! लिब्रे ऑफिसमधून पान काढलं, आलं. मी अक्षरशः टाळी वाजवली. मग वर क्लासमध्ये गेले, पहिला कॉम्प्युटर चालू केला, यादी रिकामी. दुसरा, रिकामी. तिसरा, तेच.

इथे माझे तीन दिवस गेले, आणि ज्यांना लिनक्सवर प्रिंटर दिसत नाही त्यांच्यापैकी बऱ्याच जणांचं दुखणं हेच असणार असं मला आता वाटतं. मी काय केलं, कंपनीच्या साइटवरून लिनक्सचा ड्रायव्हर उतरवला आणि टाकला. (असतो, बऱ्याच कंपन्या देतात, मिंटवर टाकायची डेब नावाची फाइल असते.) टाकला तरी शोधून सापडेना. मग त्याच्यात हाताने प्रिंटरचा आयपी ॲड्रेस, म्हणजे नेटवर्कमधला त्याचा नंबर, टाकला तर प्रिंट आली, पण मार्जिन सगळं सरकलेलं आणि खालच्या दोन ओळी कापलेल्या. म्हणजे पोचतंय पण दिसत नाही, आणि आलं तरी धड येत नाही. मला वाटलं झालं, हेच ते, लिनक्सवर चालत नाही म्हणतात ते हेच.

रात्री भाच्याला व्हिडिओ कॉल केला. त्याने प्रिंटरचं बटण दाबून नेटवर्कचा कागद काढायला लावला, त्यावर प्रिंटरचा ॲड्रेस होता १९२.१६८.१ ने सुरू होणारा. मग वरच्या कॉम्प्युटरचा ॲड्रेस वाचायला सांगितला. तो १९२.१६८.० ने सुरू होत होता. तो लगेच म्हणाला, मावशी तुझ्याकडे दोन राउटर आहेत ना. आहेत. खाली फायबरवाल्यांचा, आणि वर रेंज येत नाही म्हणून त्यांच्याच माणसाने खालून केबल टाकून दुसरा लावून दिलेला. त्याने तो दुसरा राउटर लावताना केबल वॅनच्या, म्हणजे बाहेरून इंटरनेट घ्यायच्या, भोकात खोचली, त्यामुळे वर एक स्वतंत्र नेटवर्क तयार झालं, घरात घर. इंटरनेट दोन्हीकडे चालतं म्हणून पाच वर्षांत कुणाला कळलं नाही. वरून खालच्या प्रिंटरला पिंग, म्हणजे आहेस का अशी हाक, जाते, हाताने ॲड्रेस टाकला तर प्रिंटही जाते, पण प्रिंटर जो ओरडून सांगतो ना मी इथे आहे, ते ओरडणं एका नेटवर्कच्या बाहेर जातच नाही. त्याला एमडीएनएस म्हणतात, ते तसंच बनवलेलं आहे, आपल्याच वाड्यात ऐकू जाईल एवढंच. मोबाईल आणि लॅपटॉप खालच्या वायफायवर होते म्हणून त्यांना ऐकू गेलं.

म्हणजे लिनक्सचा यात काही संबंधच नव्हता. त्या जागी विंडोज असतं तरी तिथून प्रिंटर आपोआप सापडला नसता.

उपाय दहा मिनिटांचा. वरच्या राउटरच्या सेटिंगमध्ये ॲक्सेस पॉइंट मोड होता, तो निवडला, राउटर रीस्टार्ट झाला, आता तो नुसता रेंज वाढवतो, ॲड्रेस सगळे खालचाच राउटर देतो. ज्यांच्या राउटरला असा मोड नसेल त्यांनी वरच्याचं डीएचसीपी, म्हणजे ॲड्रेस वाटायचं काम, बंद करायचं, त्याचा स्वतःचा ॲड्रेस खालच्याशी भांडणार नाही असा ठेवायचा आणि केबल वॅनऐवजी लॅनच्या, म्हणजे घरातली मशीन जोडायच्या, भोकात लावायची. तिन्ही कॉम्प्युटर रीस्टार्ट केले, मिनिटभरात तिन्हीवर प्रिंटर हजर. आणि हो, गेस्ट वायफायवर कॉम्प्युटर असेल तरी हेच होतं, गेस्टमधल्या मशीनला घरातली बाकी मशीन दिसू नयेत हाच त्याचा उद्देश असतो.

आता त्या कंपनीच्या ड्रायव्हरचं. यादीत आता दोन प्रिंटर दिसत होते, एक मी ड्रायव्हर टाकून जोडलेला आणि एक आपोआप आलेला. आपोआप आलेल्यातून काढलं तर मार्जिन बरोबर, कापाकापी नाही. भाचा म्हणाला, "ड्रायव्हर काढून टाक, दोन ठेवलेस तर घाईत चुकीचा निवडशील." काढला. माझा सल्ला तोच आहे, आधी काहीही न टाकता दहा मिनिटं थांबा, आलेला प्रिंटर वापरून बघा, आणि तो खरंच अपुरा पडला तरच ड्रायव्हरकडे जा. पुढच्या काळात तर सगळं याच दिशेने चाललंय, मिंटमध्ये प्रिंटिंग ज्याच्यावर चालतं त्या कप्सच्या तिसऱ्या आवृत्तीतून जुन्या पद्धतीचे ड्रायव्हर काढूनच टाकायचं ठरलंय, आणि मायक्रोसॉफ्टनेही २०२३ मध्ये कंपन्यांचे वेगळे ड्रायव्हर हळूहळू बंद करणार म्हणून जाहीर केलंय. तेव्हा आज ड्रायव्हरशिवाय न चालणारा प्रिंटर विकत घेऊ नका, कुठलीही सिस्टीम वापरत असलात तरी.

कप्सबद्दल दोन ओळी लिहायच्याच आहेत, कारण मी रोज वापरते ती गोष्ट कुणी केली हे मला माहीतच नव्हतं. मायकेल स्वीट नावाच्या माणसाने नव्वदच्या दशकाच्या शेवटी हे सुरू केलं, २००७ मध्ये ॲपलने ते विकत घेतलं आणि त्याला नोकरीवर ठेवलं, म्हणजे महागड्या मॅकमध्येही आतून हेच कप्स आहे! २०१९ च्या शेवटी तो ॲपलमधून बाहेर पडला आणि आता ओपनप्रिंटिंग नावाच्या गटात टिल कॅम्पेटर आणि बाकीच्यांबरोबर त्याच्यावर काम करतो. आणि मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीची सुरुवात सांगतानाही गोष्ट प्रिंटरचीच सांगतात. १९८० च्या आसपास एमआयटीच्या लॅबमध्ये झेरॉक्सचा नवा लेसर प्रिंटर आला, तो मध्येच अडकायचा, तिथले प्रोग्रामर रिचर्ड स्टॉलमन यांना त्याच्या प्रोग्राममध्ये सुधारणा करायची होती, कागद अडकला की सगळ्यांना निरोप जावा एवढीच, जुन्या प्रिंटरला त्यांनी ती केलेली होती. पण नव्याचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामचा मूळ मजकूर, मिळाला नाही, दुसऱ्या विद्यापीठात ज्याच्याकडे होता त्याने द्यायला नकार दिला. १९८३ मध्ये त्यांनी मुक्त सिस्टीम बनवायचा ग्नू प्रोजेक्ट जाहीर केला. माझ्या जुन्या लेसरला फक्त कंपनीची गुप्त भाषा येत होती हे आठवलं की मला ती गोष्ट एकदम जवळची वाटते. दहावीच्या पोरांना मी ती सांगितली तर त्यांनाही आवडली.

बरं, परत प्रिंटरकडे. दुसऱ्या आठवड्यात एक विचित्र प्रकार झाला, एका कॉम्प्युटरवरून प्रिंट दिली की प्रिंटरचा लाल दिवा लुकलुकायचा, कागद भरलेला असून कागद नाही म्हणायचा. कारण निघालं कागदाचा आकार. त्या मशीनवर मिंट टाकताना भाषा अमेरिकन इंग्लिश निवडली गेली होती, आणि अमेरिकेत ए-फोर वापरत नाहीत, लेटर वापरतात, त्यामुळे कॉम्प्युटर लेटरचं पान पाठवत होता आणि प्रिंटर बिचारा लेटर कागदाची वाट बघत होता. प्रिंटरच्या प्रॉपर्टीमध्ये ए-फोर करा, लिब्रे ऑफिसच्या पेज स्टाइलमध्ये ए-फोर करा, आणि भाषेच्या सेटिंगमध्ये रीजन भारत करा. आधीच भारत निवडलंत तर हा त्रास होतच नाही.

मराठीचं काय, हे मला सगळ्यात महत्त्वाचं होतं, कारण माझ्या निम्म्या प्रश्नपत्रिका मराठी माध्यमाच्या. युनिकोडमध्ये टाइप केलेलं सगळं जसंच्या तसं छापलं जातं. मी मुद्दाम "दऱ्या, कार्य, राष्ट्र, ज्ञानेश्वर, उद्ध्वस्त" असं लिहून एक पान काढून बघितलं, रफार, अर्धा र, जोडाक्षरं सगळं जागच्या जागी. मुंबईच्या 'एक टाइप' नावाच्या मंडळींचं मुक्ता नावाचं फॉन्ट फुकट आणि खुलं आहे, छापून फार सुरेख दिसतं, तेच आता सगळीकडे वापरते. अडचण आली ती जुन्या फायलींची. दहा वर्षांपूर्वी डीटीपीवाल्यांकडून श्रीलिपीत करून घेतलेल्या प्रश्नपत्रिका उघडल्या तर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी, कारण ते युनिकोड नाहीच, फॉन्ट नसेल तर काही कळत नाही. हा दोष प्रिंटरचा नाही आणि लिनक्सचाही नाही. ज्यांच्या पीडीएफ होत्या त्या मात्र व्यवस्थित छापल्या गेल्या, पीडीएफच्या पोटातच फॉन्ट असतो. बाकीच्या हळूहळू परत टाइप करतेय, उन्हाळ्याच्या सुट्टीत होतील.

स्कॅनिंगने मला सुखद धक्का दिला. मिंटमध्ये डॉक्युमेंट स्कॅनर नावाचं साधं ॲप आधीपासूनच असतं, ते उघडलं, वायफायवरूनच स्कॅनर सापडला, पोरांच्या उत्तरपत्रिका एकामागून एक स्कॅन केल्या आणि एकच पीडीएफ करून पालकांना पाठवली. याच्या मागे एअरस्कॅन नावाचं सॉफ्टवेअर काम करतं, तेही ड्रायव्हरशिवायच. कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये यासाठी चार खिडक्या उघडाव्या लागायच्या.

उणं काय आहे तेही सांगते. शाई किती राहिली, हेड साफ करायचंय, नोझल तपासायचंय, यासाठी कंपनीचं जे विंडोजवर ॲप असतं ते इथे नाही. माझ्या प्रिंटरचा ॲड्रेस ब्राउझरमध्ये टाकला की त्याचंच एक पान उघडतं आणि तिथे यातलं बरंच करता येतं, आणि टँक पारदर्शक असल्यामुळे शाई डोळ्यांनीच दिसते, पण ज्यांना फोटो छापायचेत, बॉर्डरलेस, चकचकीत कागद, रंगाची बारीक सेटिंग, त्यांना इथे पर्याय कमी मिळतील. माझ्या प्रिंटरला आपोआप दोन्ही बाजूंनी छापता येत नाही, विंडोजवर निदान पान उलटा म्हणून चित्र यायचं, इथे मला आधी विषम पानं काढून गठ्ठा उलटून मग सम पानं काढावी लागतात, आणि गठ्ठा कसा उलटायचा हे समजेपर्यंत वीस-पंचवीस कागद वाया गेले. चित्रं जास्त असलेली पीडीएफ जुन्या कॉम्प्युटरवरून पाठवली की पहिलं पान यायला अर्धा मिनिट लागतं, कारण पानाचं चित्र बनवायचं काम कॉम्प्युटरच करतो. आणि वीज गेली की कधीकधी प्रिंटची रांग थांबून राहते, वीज आली तरी सुरू होत नाही. त्याला ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट लिहून कोलन आणि ६३१ टाकायचं, कप्सचं स्वतःचं पान उघडतं, तिथे प्रिंटर निवडून रिझ्यूम म्हणायचं. हे पान कुठल्याही लिनक्सवर सारखंच असतं त्यामुळे एकदा शिकलं की सुटलो. ६३१ म्हणजे आयपीपीचाच पोर्ट, त्याच्या दाराचा नंबर.

प्रिंटर खूप वेळ नुसता पडून असेल तर गाढ झोपतो आणि यादीतून गायब होतो, घाबरू नका, त्याचं एखादं बटण दाबा आणि थोडं थांबा. हाताने ॲड्रेस टाकून जोडला असेल तर मात्र राउटरमध्ये प्रिंटरचा ॲड्रेस पक्का करून ठेवा, नाहीतर राउटर बंद-चालू झाल्यावर ॲड्रेस बदलतो आणि परत शोधाशोध. आपोआप सापडलेल्याला ही गरज नाही, तो नावाने ओळखला जातो.

अजून एक, अपडेट टाळू नका. सप्टेंबर २०२४ मध्ये याच कप्सच्या प्रिंटर शोधणाऱ्या भागात सुरक्षेचं मोठं भगदाड सापडलं होतं, सिमोने मार्गारितेली या संशोधकाने दाखवलेलं. ते बुजवलेलं आहे आणि घरच्या राउटरच्या आत बसलेल्या मशीनला धोका तसाही कमी होता, पण मिंटची अपडेटची ढाल दिसली की मी त्याच दिवशी क्लिक करते.

गुण द्यायचे तर साध्या कागदपत्रांसाठी पाचपैकी साडेचार, स्कॅनिंगला पाच, फोटोला तीनच. सहा महिन्यांत माझ्या अंदाजाने चार हजारांच्या वर पानं काढली असतील, सराव परीक्षांच्या आठवड्यात तर तिन्ही कॉम्प्युटरवरून एकाच वेळी प्रिंट जात होत्या आणि रांग एकदाही अडली नाही.

परवा जावेचा फोन आला, तिच्या लॅपटॉपवरही विंडोज १० च आहे, तिलाही आता मिंट टाकायचंय. टाकून देणार आहे, पण मी दिलेला तो जुना लेसर तिथे चालणार नाही हे तिला आधीच सांगितलंय. रविवारी आम्ही दोघी दुकानात जातोय, एअरप्रिंटचं खोकं शोधायला.